चाचणी रंगखात्याच्या खऱ्या सांडपाण्यावर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कडुनिंब, शेवगा, तुळस यांच्या पाल्याच्या अर्काच्या मदतीने जस्त, चांदी अशा धातूंचे नॅनोकण (डोळ्याला न दिसणारे अतिसूक्ष्म कण) बनवायचे, त्यांनी कापड जंतुरोधक करायचे आणि रंगाचे सांडपाणीही त्यांनीच स्वच्छ करायचे, अशा संशोधनाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. इचलकरंजीत रंगखात्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला त्या वाचून बरे वाटते. पण चाचणी कोणत्या पाण्यावर झाली, हे बातमीत कधीच नसते.

बहुतेक प्रयोग मिथिलीन ब्लूवर होतात. शुद्ध पाण्यात चिमूटभर निळा रंग, त्यात झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची पूड, वर ऊन किंवा दिवा, आणि थोड्या वेळात पाणी नितळ. प्रयोग खराच आहे. आम्ही मात्र सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक बंध धरणारे) वापरतो. मिथिलीन ब्लूवर धन भार असतो, रिॲक्टिव्ह रंगांवर ऋण. त्यामुळे एकाला ओढून घेणारी पूड दुसऱ्याला दूर लोटू शकते. शिवाय गडद शेडला लिटरमागे 60 ते 80 ग्रॅम मीठ पडते, वर सोडा. कापडाने न धरलेला रंग, साबण, सुताची खळ, सगळे एकाच गटारात येते. उन्हात पुडीवर जी मुक्त मूलके (अतिशय क्रियाशील कण) तयार होऊन रंग तोडतात, ती या मिठा-सोड्यातच खर्ची पडतात. बीकरमध्ये ही अडचण येत नाही.

आणि रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असेही नाही. ॲझो रंग (कापडरंगांचा एक मोठा गट) अर्धवट तुटला तर डोळ्याला दिसत नाही, पण त्याचे तुकडे, कधी विषारी अमाइनही, पाण्यात राहतात. सीओडी (पाण्यातली घाण मोजण्याचे एक माप) किती उतरला, वापरलेली पूड गाळून परत मिळाली का, हे आकडे हवेत. पाल्याचा अर्क घेऊन पुढे भट्टीत 400 अंशांना भाजायचे असेल, तर तो इंधनखर्चही सांगावा.

कापडाचे तर मला जास्तच भय वाटते. अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाजारातले चांदीचे नॅनोकण असलेले मोजे पाण्यात धुऊन पाहिले; काहींची जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. ती जाते सांडपाण्यात. प्रक्रिया केंद्राच्या टाकीत घाण खाणारे जिवाणू असतात, त्यांच्याही ती जिवावर उठू शकते. म्हणजे हाच कण एका टोकाला पाणी साफ करणार आणि दुसऱ्या टोकाला साफ करणाऱ्यांना मारणार. कण कापडाला किती पक्का बसवला, यावर सगळे अवलंबून आहे.

पंचगंगेत मासे मरून तरंगतात, त्याला शहरांचा मैला आणि इतर उद्योगही कारण आहेत. तरीही रंगाचा वाटा आम्हाला नाकारता येत नाही. नदीकाठची शिरोळ तालुक्यातील गावे तो भोगतात. म्हणूनच हे संशोधन यशस्वी व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. इचलकरंजीत डीकेटीई हे वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी जिगरखालचे (कापड रंगवण्याच्या यंत्राखालचे) गरम पाणी कॅनमधून न्यावे आणि आपली पूड त्यात टाकून पाहावी. प्रोसेसवाल्यांनीही (कापड रंगवणाऱ्या कारखानदारांनीही) त्यांना दारातून परत पाठवू नये. आपल्या वार्ताहरांनी पुढच्या बातमीत एवढे विचारावे: पाणी कुठले होते, आणि वीस धुण्यांनंतर कापडावर किती कण उरले?

— एक डाइंग मास्तर, इचलकरंजी