आई-बाबांना, गाडीतून

सोमवार, १२ जानेवारी २०२६
दुपार, धावत्या गाडीत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आधी एवढं वाचा आणि मग चष्मा पुसून पुढचं वाचा. मी बरी आहे, पोटभर जेवले आहे, पायात लोकरीचे दोन जोड मोजे आहेत.

मी विमानानं गेले नाही. रविवारी विमान आहे, घर लावायचंय, दोन दिवस फोन जमणार नाही असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. रविवारी सकाळी टोरांटोहून रेल्वेत बसले. व्हँकुव्हरला पोचायला चार रात्री लागतात, ४,४६६ किलोमीटर. काल रात्रीपासून फोनला रेंज नाही, आज रात्री विनिपेग येईल तेव्हा मिळेल. तेव्हा तुमच्याकडं सकाळ असेल, भोगीची. तिथून या पानांचे फोटो काढून पाठवते. गाडी उशिरा पोचली तर ते तसेच उशिरा येतील. तोवर तुम्हाला काही ठाऊकच नसणार म्हणून काळजी नाही, असं स्वतःला समजावत बसले आहे. पण खोटं बोलल्याचं काल पहिल्या घासापासून खुपतंय.

आई, तुला आधी सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस. एकटी मुलगी, एवढी थंडी, अनोळखी माणसं. म्हणून सगळं नीट लिहिते. मी साध्या खुर्चीच्या डब्यात नाही, झोपायच्या डब्यात आहे. दिवसा समोरासमोर दोन बाकं, रात्री त्यांचाच खालचा आणि वरचा बर्थ होतो, बाहेरून जाड पडदा. अटेंडंट बाई येऊन गादी घालून जाते, धुतलेली चादर, दोन उशा. डब्यात अंघोळीची सोय आहे, गरम पाणी भरपूर. आज सकाळी मी डोक्यावरून अंघोळ केली, धावत्या गाडीत! तिन्ही वेळचं जेवण तिकिटातच आहे. आत इतकं उबदार आहे की स्वेटर काढून ठेवलाय. (काढलाय म्हणजे शेजारीच आहे, लगेच घालते.) आणि तुझा कांदा-लसूण मसाला बरोबर आहे, वास जाऊ नये म्हणून तीन पिशव्यांत बांधलेला. काल उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरला, तर समोरच्या आजीबाईंनी हळूच आपली ताटली पुढं केली. त्यांना ठसका लागला, पण परत मागितला.

आता बाबा. तुम्ही विचारायच्या आत सांगते. दोन डिझेल इंजिनं, मागं अकरा डबे, मी स्वतः मोजले. डबे १९५५च्या सुमाराचे, म्हणजे तुमच्याच वयाचे. बाहेरून अंगभर स्टेनलेस स्टील, रंग दिलेलाच नाही. मी हात लावून पाहिला, जोडावर रिव्हेट नाही, सगळं स्पॉट वेल्डिंग. सत्तर वर्षं झाली, उणे तीस-पस्तीसच्या थंडीत धावतात आणि दार लावलं की अजून खट्ट वाजून बसतं. तुम्ही असता तर त्या दारापासून हलला नसता, आणि आईनं तिथंच चहा आणून दिला असता.

दोन डब्यांच्या मधल्या जागेत मात्र गारठा आहे. फटीतून बारीक बर्फ आत येतो आणि दाराच्या खाली पिठीसारखा साठतो. काल रात्री मी तिथून जाताना हातमोजा न घालता दाराची मूठ धरली, बोटं क्षणभर चिकटलीच. आई, आता घालते. दोन्ही हातात घालते.

वरती काचेच्या घुमटाचा एक डबा आहे. तिथं बसलं की पुढचे डबे वळण घेताना दिसतात, आणि आजूबाजूला नुसतं पांढरं. कातळ, सूचिपर्णी झाडं, गोठलेली तळी, मग परत कातळ. दीड दिवस होत आला तरी अजून ओंटारियो हा एकच प्रांत चाललाय, आपल्या महाराष्ट्राच्या साडेतीन पट. मघाशी एक नदी लागली, वरून पूर्ण गोठलेली. माझा हात आपोआप पर्सकडं गेला. पंचगंगेच्या पुलावर तू मला नाणं द्यायचीस ना, रुकडी यायच्या आधी? इथं खिडकीच उघडत नाही. नुसता नमस्कार केला.

आणि गाडी थांबते किती! रूळ मालगाडीवाल्यांच्या मालकीचे आहेत, म्हणून त्यांना वाट द्यावी लागते. बाजूच्या लाइनीवर आपण उभं राहायचं आणि दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर लांबीची मालगाडी जाईपर्यंत बघत बसायचं. सगळे कंटाळतात. मला मात्र हातकणंगल्याला क्रॉसिंगला थांबलेली आपली गाडी आठवते, आणि बाबा, तुम्ही खिडकीतून मान काढून म्हणायचा, "आलं बघ सिग्नल."

आज सकाळी गाडी भलत्याच ठिकाणी थांबली. फलाट नाही, पाटी नाही. या मार्गावर आडरानात राहणाऱ्यांनी आधी कळवलं की गाडी त्यांच्यासाठी थांबते. एक बाई उतरली, आई, तुझ्याएवढी असेल. अटेंडंटनं खाली पिवळं पायऱ्यांचं स्टूल ठेवलं, मग एकेक सामान दिलं. बटाट्याचं पोतं, दोन खोकी, रॉकेलसारखा कॅन. पलीकडं झाडांत एक माणूस बर्फावरची स्कूटर घेऊन उभा होता. ती गुडघ्याएवढ्या बर्फात ते पोतं ओढत त्याच्याकडं निघाली आणि गाडी सुटली. मला ते बघवलं नाही, तरी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. तुझे गुडघे डोळ्यासमोर आले.

हा उपद्व्याप का केला, ते सांगते. पैसे जास्त गेले का? हिवाळ्यात तिकीट बरंच उतरतं, आणि चार दिवसांचं राहणं-जेवण धरलं तर फार फरक नाही, मी हिशेब मांडलाय, बाबा, दाखवीन. कंपनीनं बदलीसाठी आठवडा दिला होता. तुमच्या मनात येईल, आठवडा होता तर घरी का नाही आलीस. बोलणार नाही तुम्ही, पण येईल. माझ्या परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद अजून हातात नाही. तो येईपर्यंत देश सोडला तर परत येऊन लगेच कामाला लागता येत नाही. नोव्हेंबरात बाबांच्या ऑपरेशनच्या वेळीही तेच होतं. बाबा, तुम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आत्याबरोबर आई बसलेली, आणि मी फोनवर. त्यापेक्षा तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं.

आणि हेही लिहूनच टाकते, कारण फोनवर माझ्यानं होत नाही. व्हँकुव्हरची बदली सहा-आठ महिन्यांची नाही. तीन वर्षांची आहे. सही डिसेंबरातच केली. चिडू नका. काम चांगलं आहे, पगार वाढतोय, आणि थंडी तर टोरांटोच्या मानानं काहीच नाही, तिथं बर्फ कमी आणि पाऊस जास्त, आपल्या गगनबावड्यासारखा. भारतीय वस्ती मोठी, ज्वारीचं पीठसुद्धा मिळतं, मी चौकशी केलीय. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं मी येणार नाही असं नाही. कागद आला की पहिलं काम तिकीट. चैत्रात जमवायचा प्रयत्न आहे, जोतिबाच्या यात्रेच्या आसपास. नाहीच जमलं तर गणपतीला नक्की.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्यापासून एका दिवसात इतकी लांब आले. डोळे मिटले आणि उघडले तर टोरांटो. तेव्हा रडूसुद्धा नीट आलं नाही. आता अजून पुढं जायचंय, तर निदान हळूहळू जावं, प्रत्येक किलोमीटर कळावा, असं वाटलं. विमानात पाच तासांत हे पत्र लिहून झालं नसतं. इथं कालपासून तीनदा फाडलं.

आणि बाबा, ती वही. मला माहितीय तुम्ही ती १९च्या पुरानंतर गच्चीत वाळवली आणि मग माळ्यावर टाकलीत. कोल्हापूरपासून थेट वरपर्यंत आणि परत खाली, सगळ्या गाड्या, सगळे बदल, लाल पेनानं वेळा. माझी फी भरायची होती त्या वर्षी तो बेत गेला आणि परत कधी निघाला नाही. तेव्हा मला कळत होतं. मी बोलले नाही. म्हणून मी नवी वही घेतलीय. डावीकडं स्टेशन, मग ठरलेली वेळ, मग खरी वेळ, तुमच्यासारखंच. केप्रियोल, हॉर्नपेन, मघाशी आर्मस्ट्राँग. आता घड्याळ एक तास मागं करायचंय, वाटेत असं तीनदा करावं लागतं. शेवटच्या पानावर तुमच्यासाठी एक नोंद ठेवलीय. या देशात पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत पहिला रेल्वेमार्ग १८८५ला जुळला, आणि आपली मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ची. फक्त सहा वर्षांनी मागं, बाबा!

तिरुपतीला जाताना हुबळीला तुम्ही फिरकीचा तांब्या भरायला उतरला होता आणि गाडी हलली, आठवतंय? मी खिडकीची गजं धरून किंचाळत होते. आई म्हणत होती येतील, येतील, आणि तिचाच हात थरथरत होता. मग तुम्ही मागच्या डब्यातून चालत चालत आलात, तांब्यातलं निम्मं पाणी शर्टावर. काल केप्रियोलला सगळे पाय मोकळे करायला उतरले. मी पण उतरले, पण दाराचा दांडा सोडला नाही.

आता ऐका, आणि दोघांनी ऐका.

बाबा, रंकाळ्यावर ऊन आल्याशिवाय जायचं नाही. साडेपाचला उठून मित्रांच्या आधी पोचायची शर्यत बंद. कानटोपी घालायची, खिशात ठेवायची नाही. दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं थांबवू नका, आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं तरीही आधी त्यांना विचारा. तांबडा रस्सा एक वाटी. एक म्हणजे एक, वाटी आई ठरवेल.

आई, भोगीची भाकरी थापताना खाली बसू नकोस, ओट्यावरच थाप. गुडघ्याचा पट्टा कपाटात घडी करून ठेवण्यासाठी घेतलेला नाही. संक्रांतीला वाण द्यायला सगळ्या गल्लीत फिरू नकोस, बायकांना घरी बोलव. आणि रात्रीची गोळी बाबांनी खरंच घेतली का, ते डबी उघडून बघत जा, त्यांच्या 'हो' वर जाऊ नकोस. रागावून लिहीत नाही गं. मला लांबून एवढंच करता येतं.

संक्रांतीला मी जास्परच्या आसपास, मोठ्या डोंगरांत असेन. तू पाठवलेल्या तिळाच्या वड्यांची पुडी जपून ठेवलीय. समोरच्या आजीबाईंना आणि अटेंडंट बाईला देणार आहे. गोड बोला कसं सांगायचं ते ठरवतेय.

व्हँकुव्हरला गुरुवारी पोचेन. तुमच्याकडं रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथं सकाळचे साडेसात असतील. म्हणजे तुमचं जेवण झाल्यावर मला उठवायचं काम तुमचं, पूर्वीसारखं. बाबा फोन धरतील, आई मागून "उठली का" विचारेल.

काल टोरांटोच्या घराला कुलूप लावताना तोंडातून "येतो" गेलं, आपल्याकडच्यासारखं. ऐकायला कोणी नव्हतं.

तुमची,
मनी

ता. क. सू लुकआउट येतंय. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास दहा मिनिटं उशिरा. वहीत लिहिलं, लाल पेनानं.