माझ्या बायकोच्या वकीलबाईंना

आदरणीय वकीलबाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या वकील नव्हताच. तुम्ही हिच्या वकील, आणि ते तुम्ही पहिल्याच भेटीत मला तोंडावर सांगितलंत : "तुमचं हित बघायला दुसरा वकील गाठा, मी यांच्या बाजूने बसलेय." मला तेव्हा फार लागलं होतं. आज चार वर्षांनी आभार मानायला मीच लिहितोय. उघडपणे लिहितोय, कारण आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीत माझ्यासारखे गाळा चालवणारे पुष्कळ आहेत, आणि नवरा-बायकोत कागद करायची वेळ आली म्हणजे संसार मोडला, असंच त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या आईलाही तसंच वाटलं होतं.

गोष्ट बांगड्यांपासून सुरू झाली, हे तुम्हाला माहीत आहे. जुनं मिलिंग मशीन विकत घ्यायला पैसे कमी पडत होते, म्हणून मी कपाटातल्या हिच्या चार बांगड्या नेऊन गहाण टाकल्या. विचारलं नाही. घरातलं सोनं ते घराचं, अशी माझी समजूत. हिला महिन्याभराने कळलं आणि घरात जे झालं ते लिहवत नाही. त्याच तिरमिरीत आम्ही दोघं कोर्टनाक्यावर तुमच्या ऑफिसात आलो. "सगळं लिहून घ्या, याचं काय ते याचं, माझं काय ते माझं," ही म्हणाली. मीही चिडून म्हणालो, "लिहा, आणि ही कधी पोटगी मागणार नाही असंही लिहा."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. पोटगीचा हक्क असा आधीच सोडून देता येत नाही, तशी अट कोर्टात टिकत नाही, हे आधी सांगितलंत. मुलीचा ताबा कोणाकडे हेही आईबाप कागदावर कायमचं ठरवू शकत नाहीत, मुलीचं हित कोर्ट बघतं, हेही. आणि मग ती राजलखी देवीची गोष्ट सांगितलीत. १९०० सालचा कलकत्ता उच्च न्यायालयातला खटला. नवऱ्याने बायकोला वेगळं राहण्यासाठी आणि खर्चासाठी रक्कम देण्याचं कबूल केलं होतं, कागद रीतसर नोंदवलेलाही होता. पण त्याच कागदात दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मोबदल्याशिवाय दिलेलं वचन टिकायचं तर ते लेखी हवं, नोंदवलेलं हवं, आणि जवळच्या नात्यातल्या माणसांमध्ये प्रेमापोटी दिलेलं हवं. भांडणाच्या कागदात प्रेम कुठलं, म्हणून न्यायालयाने तो मानला नाही.

"आज मी तुमचा कागद केला तर तोही तसलाच होईल," तुम्ही म्हणालात. "आधी बांगड्या सोडवून आणा. मग दोघं शांतपणे या." फी घेतली नाहीत.

बाई, त्या दिवशी तुम्ही आम्हाला परत पाठवलंत, त्याचेच खरे आभार. बाकीचं एखाद्या दुसऱ्या वकिलानेही केलं असतं.

बांगड्या सोडवायला अडीच महिने लागले. सोडवून आणल्या त्या रात्री ही ओट्यापाशी उभी राहून त्या एकेक करून हातात घेऊन बघत होती. दोन हिच्या आईच्या, दोन आजीच्या. आजीच्या एका बांगडीला आतून बारीकसा खोचा आहे, कधीतरी दारात सापडून पडलेला. ही त्यावरून अंगठा फिरवत राहिली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि तो खोचा मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय की स्त्रीधनाची मालकी त्या बाईचीच, नवऱ्याकडे ते असलं तर विश्वासाने ठेवायला दिलेलं असतं. हे तुमच्याकडून कळलं. पण पटलं ते त्या खोच्यामुळे.

मग यादी केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, दोन रविवार. चरईतलं घर दोघांच्या नावावर, पण सुरुवातीचे पैसे हिच्या वडिलांचे आणि हप्ते हिच्या शाळेतल्या पगारातून गेलेले. गाळ्यातली मशीनं माझी, उधारीही माझी. मी बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, घ्यायच्या बेतात होतो, तेव्हा घराचं काय हा प्रश्न होताच.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधीच मालमत्तेची व्यवस्था ठरवता येते, आपल्याकडे हिंदू नवरा-बायकोसाठी तसा वेगळा कायदा नाही, म्हणून एका कागदावर सगळं ओझं टाकायचं नाही, हे तुम्ही समजावलंत. ज्या वस्तूला कायद्याने जी वाट दिली आहे, ती त्या वाटेने न्यायची. घराचा माझा अर्धा हिस्सा नोंदणीकृत बक्षीसपत्राने हिला. राहतं घर नवरा-बायकोत बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, हे ऐकून मी तीनदा विचारलं होतं. गाळा आणि त्याची देणी माझी, सोनं हिचं, घरखर्चाचं खातं दोघांचं, हा आपसातला करार वेगळा. माझा विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली, म्हणजे त्याच्या रकमेवर माझ्या घेणेकऱ्यांना हात टाकता येणार नाही. तो मात्र नवा घ्यावा लागला, कारण ती नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

आणि कागदाने काय होणार नाही, हे तुम्ही तितकंच स्पष्ट सांगितलंत. देणं अंगावर आल्यावर घर बायकोच्या नावावर केलं तर घेणेकरी ते रद्द करून घेऊ शकतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३. म्हणून कर्ज उचलण्याआधी, एक रुपयाही थकलेला नसताना आम्ही ते केलं. घर भाड्याने दिलं तर मी दिलेल्या हिश्शाचं भाडं आयकराच्या हिशेबात माझंच धरलं जाईल. सगळ्यात महत्त्वाचं हिला सांगितलंत : "बँकेच्या हमीपत्रावर तुमची सही झाली, तर हा करार बँकेला दाखवून काही उपयोग नाही. तो तुमच्या दोघांतला आहे." बँकेने हिची सही मागितलीच. हिने दिली नाही, म्हणून कर्ज कमी मिळालं. तेव्हा मी धुसफुसलो होतो, हे आज कबूल करतो.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातला तो दिवस आठवतो का? मशीन माझा अंगठा घेईना. वीस वर्षं लोखंड आणि तेल, रेषाच झिजलेल्या. तिथला मुलगा पुन्हा पुन्हा दाबायला सांगत होता. शेवटी हिने ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं, माझा अंगठा पुसला, फुंकर मारून वाळवला आणि स्वतःच्या हाताने मशीनवर दाबून धरला. मागे दोन साक्षीदार उभे होते, तुम्ही दाराशी होतात. माझी आई घरी रडत बसली होती, की पोराने घर लिहून दिलं.

पुढे दोन वर्षांनी ज्या एका गिऱ्हाइकावर माझं निम्मं काम होतं त्याने पैसे बुडवले. कर्जाचं खातं थकलं, मशीनं गेली, गाळा सोडला. नोटीस आली ती माझ्या एकट्याच्या नावावर. मी ती स्वयंपाकघरात वाचून दाखवली आणि हिने फक्त "बसा, चहा टाकते" म्हटलं. मुलीची दहावी त्याच खोलीत, त्याच टेबलावर झाली. बाकी राहिलेलं देणं मी फेडतो आहे आणि फेडीन, ते माझं आहे. आता रबाळ्याला एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो.

बक्षीसपत्राच्या इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत तुम्हाला द्यायची राहून गेली होती, ती घेऊन शनिवारी येतो. ही येईलच. आईही येणार म्हणते. वडील गेल्यापासून तिच्या पाटल्या मोठ्या दादाच्या लॉकरमध्ये आहेत, तिला त्यांची यादी तुमच्याकडून करून घ्यायची आहे.

आपला ऋणी,
तुमच्या अशिलाचा नवरा
चरई, ठाणे