छतावर सौर पॅनेल, तळावर अंधार

महोदय,

लष्करी तळावर सौर पॅनेल बसली की तळ ‘स्वयंपूर्ण’ झाला, अशी बातमी येते. प्रत्यक्षात ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेला, पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच काही सेकंदांत आपोआप बंद होतो. पॅनेलची वीज बाहेर जाऊन लाइनवरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ही सोय मुद्दामच केलेली असते. म्हणजे भर उन्हात पॅनेल नुसती तापतात आणि रडार डिझेलवर! ग्रिडपासून सुटे होऊन चालायचे तर व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी स्वतः धरून ठेवणारा इन्व्हर्टर, बॅटरी आणि तळाला ग्रिडपासून तोडणारा स्विच ही तिन्ही लागतात.

जनरेटरचेही तेच. इमारतीगणिक गरजेपेक्षा मोठा संच दिला की तो क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली रेंगाळतो, डिझेल पुरते जळत नाही आणि एक्झॉस्टमध्ये काळा चिकट थर साचतो. बिनलोडच्या चाचणीत हे वाढतेच. साठवलेल्या डिझेलखाली पाणी जमते, त्यात जंतू वाढतात आणि ऐन वेळी फिल्टर तुंबतो. ते पाणी नियमित काढावे. टाकीभोवतीच्या बांधात टाकीच्या क्षमतेच्या ११० टक्के डिझेल मावले पाहिजे. एकदा ते भूजलात उतरले की सफाईला वर्षे जातात.

कागदी आराखड्यांपेक्षा वर्षातून एकदा मुख्य ब्रेकर उघडून, म्हणजे बाहेरची वीज तोडून, तळ काही तास ग्रिडविना चालवावा. पाण्याचे पंप आणि सांडपाणी केंद्र बॅकअपच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) नाहीत, हे बहुधा त्याच दिवशी कळते.

– एक वाचक