याला स्टंट कसं म्हणायचं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश टीव्ही निवेदिका हेलन स्केल्टनवरचा लेख वाचला, चांगलाय, पण तिच्या सगळ्या मोहिमांना सरसकट 'टीव्ही स्टंट' म्हटलंय ते काही पटलं नाही. लंडनच्या बॅटरसी पॉवर स्टेशनच्या चिमण्यांमधल्या तारेवरून ती चालली, त्याला म्हणा हवं तर. पण २००९ मध्ये बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमाची ही निवेदिका नामिबियाच्या वाळवंटातल्या रेसमध्ये ७८ मैल म्हणजे जवळपास सव्वाशे किलोमीटर पळाली आणि पोचली २३ तास ५० मिनिटांत, म्हणजे २४ तासांची मुदत संपायला जेमतेम १० मिनिटं उरली होती, आता यात कॅमेरा काय कप्पाळ मदत करणार? तिथे रिटेक नसतो. पुढच्याच वर्षी स्पोर्ट रिलीफ या ब्रिटिश धर्मादाय उपक्रमाच्या मदतनिधीसाठी ॲमेझॉन नदीतून कयाकने २०१० मैल. सोबत टीम होती हे मान्य, पण वल्हं तिच्याच हातात होतं ना! तुमच्या लेखात डान्स शोला अर्धा कॉलम आणि नामिबियाला एक ओळ, ती रेस निदान चौकटीत तरी द्यायची होती.

– एक वाचक, पुणे