शॉकअप बदलण्याआधी त्याची जुळणी करा

महोदय,

पावसाचा जोर ओसरला की आमच्या कराड-पाटण भागात रस्त्यांवरचे खड्डे उघडे पडतात आणि त्याच सुमारास मोटारसायकलचे मागचे शॉकअप बदलून घेण्यासाठी, किंवा त्यांखाली लोखंडी तुकडे जोडून गाडी उंच करण्यासाठी, गॅरेजांत तरुणांची गर्दी होते. कमरेचे दुखणे खरे आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु हजारो रुपये खर्च करण्याआधी गाडीत मुळातच असलेली जुळणी बहुतेक जण करून पाहत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटारसायकलींच्या मागच्या शॉकअपवर पायऱ्यापायऱ्यांच्या खाचांची एक कडी असते आणि ती सी-पान्याने (इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या पान्याने) फिरवता येते. कडी वर चढवली की स्प्रिंग कडक होते, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. कडीने एवढेच ठरते की स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची, म्हणजे वजन पडल्यावर गाडी कुठवर बसेल.

माझी गाडी मी एका दूधवाल्याकडून घेतली. मधल्या स्टँडवर मागचे चाक अधांतरी असताना अॅक्सलपासून (चाकाच्या आसापासून) सीटखाली केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर मी टेपने मोजले. मग गाडी खाली उतरवून मी तिच्यावर बसलो आणि पत्नीने तेच अंतर पुन्हा मोजले. फरक आला अवघा १४ मिलिमीटर. चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकी गाडी बसावी, म्हणजे ९० मिलिमीटर हालचाल असेल तर २३ ते ३० मिलिमीटर. दूधवाल्याने कडी भरलेल्या कॅनच्या वजनासाठी चौथ्या खाचेवर ठेवलेली होती. दोन्ही बाजूंनी ती दुसऱ्या खाचेवर आणताच फरक २४ झाला आणि चाक खड्ड्यावरून उडायचे थांबले. या कामाला एक पैसाही लागला नाही. दूध घालणाऱ्या बांधवांना माझी विनंती आहे, की परतीच्या वाटेवर कॅन रिकामे असतील तेव्हा कडी खाली आणावी; दोन मिनिटांचे काम आहे.

पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या आणि आत स्प्रिंग व ऑइल असलेल्या दोन नळ्यांचा, अनुभव मात्र महागात पडला. गेल्या वर्षी ऑइल सील (ऑइल बाहेर गळू न देणाऱ्या रबरी रिंगा) बदलताना कारागिराने ऑइल अंदाजाने ओतले आणि महिन्याभरात दोन्ही सील पुन्हा गळू लागले. घरी ऑइल काढून मोजपात्रात मोजले, तेव्हा इतके गळूनही प्रत्येक नळीत ठरलेल्या मापापेक्षा सुमारे ३० मिलिलिटर जास्तच भरले. ऑइलच्या वर राहणारी हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. तिची जागा कमी झाली की मोठ्या खड्ड्यात आतला दाब वाढतो आणि सीलवर येतो. स्प्रिंग मऊ वाटते म्हणून जाड ऑइल घालणेही चुकीचे आहे, कारण अशा ऑइलमुळे लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क पुरता वर येण्याआधीच पुन्हा दाबला जातो आणि शेवटी हादरे थेट मनगटांत उतरतात. हे काम घरी करणाऱ्यांनी पुढचे चाक पक्क्या आधारावर उचलावे आणि फोर्कच्या नळीच्या टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते हे लक्षात ठेवून शेवटचे आटे सोडताना टोपण घट्ट दाबून धरावे. दाबाखाली गॅस भरलेला मागचा शॉकअप घरी कधीही उघडू नये.

मागून गाडी उंच करणे तर मला धोक्याचे वाटते. मागची बाजू उचलली की पुढचा फोर्क अधिक उभा होतो आणि वेगात हँडल चंचल होते. चेनचा ताण बदलतो, तिरप्या स्टँडवर गाडी जास्त कलते. शिवाय मूळ रचनेतील बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने ग्राहकाला गाडीवर बसवून त्याच्या वजनाप्रमाणे कडी लावून द्यावी, आणि फोर्क ऑइलचे प्रकार व माप कंपन्यांनी मराठी पुस्तिकेत ठळक छापावे. माझ्या पुस्तिकेत ते नव्हते. दुरुस्तीचे पुस्तक मिळवून शोधावे लागले.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, कराड