प्रादेशिक विकासाचा अभ्यासक्रम पुण्यात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी पोलंडमध्ये युरोपीय प्रादेशिक विकास व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा अभ्यासक्रम. धायरीच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, 'पण याचा उपयोग काय?' मी मराठवाड्यात एका जिल्हा नियोजन कार्यालयात २७ वर्षे संशोधन सहायक होतो. उपयोग काय, हे मला फार उशिरा कळले, म्हणून हे पत्र.

दर रविवारी ती फोनवर मला तिकडचे नियम सांगते. निधीवाटपासाठी युरोपीय संघ साधारण ८ ते ३० लाख वस्तीचा प्रदेश धरतो. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, तिथल्या प्रकल्पांना संघाकडून ८५ टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. आराखडा ७ वर्षांचा. सध्याचा २०२१ ते २०२७. एखाद्या वर्षाची रक्कम खर्च करून हिशेब द्यायला सर्वसाधारणपणे पुढची ३ वर्षे मिळतात, मगच ती परत जाते.

हे ऐकले आणि ३१ मार्चच्या रात्री आठवल्या. फेब्रुवारीत आलेला निधी मार्चअखेर संपवायचा. गावाने पाझर तलावाची दुरुस्ती मागितलेली, पैसे गेले समाजमंदिराला, कारण त्याचे अंदाजपत्रक तयार होते. यात कोणी पैसे खाल्ले नव्हते. प्रकल्प कसा बांधायचा, झालेल्या कामाचे मूल्यमापन कसे करायचे, हे आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते. जुनी फाइल बघून नवी करायची.

खरे तर हा विषय पुण्याचाच. गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष, म्हणजे कोणता जिल्हा विकासात किती मागे, हे मोजले. पुढे अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने मोजणीसाठी तालुका हा घटक धरला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९९४ पासून असलेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. एवढी मोजणी झाली, पण ते अहवाल वाचून तालुक्यात काम उभे करील असा माणूस घडवायचे राहून गेले.

युरोपात सारे सुरळीत आहे असे मी म्हणत नाही. दक्षिण इटलीला कित्येक दशके निधी मिळूनही तो भाग उत्तरेच्या मागेच आहे. पण ते का, यावर मुलीच्या वर्गात आठवडेच्या आठवडे चर्चा चालते. मला हेवा वाटतो तो याचा.

पुण्यातील विद्यापीठे आणि यशदा ही सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राज्याची संस्था यांनी मिळून असा पदव्युत्तर अभ्यासक्रम मराठीतून सुरू करावा, अशी कळकळीची विनंती. त्यातले एक पूर्ण सत्र जिल्हा नियोजन कार्यालयात काढायला लावावे. आणि निम्म्या जागा नोकरीत असलेल्या सहायकांना द्याव्यात, पगारी रजेसह. माझ्या जागेवर आज बसलेला मुलगा तिशीचा आहे. त्याच्या हातात अजून २८ मार्चअखेर आहेत.

— एक निवृत्त संशोधन सहायक, धायरी, पुणे