शिंपल्यांची सहा पानं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायचा स्वतःच्या कामांचा संच, ‘आकर्षक’ कसा करावा, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मुलाखतीला कोणता फोल्डर न्यावा, पानं किती असावीत, चित्रामागे काळा माउंट बोर्ड बरा की पांढरा, सगळं त्यात आहे. पानांवर जे असेल ते खरं असावं, एवढं मात्र राहून गेलं. लेखिकेला दोष देत नाही. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलांना मी एकवीस वर्षं कला आणि डिझाइन शिकवते आहे, आणि खोटी पानं तयार करवून घेण्यात माझाही हात आहे.

ज्यांच्या घरात हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात नुसत्या शेवटच्या कामाला गुण नसतात. ते काम कसं घडत गेलं हे दाखवणारी वहीही तपासली जाते. निरीक्षणाची रेखाटनं, साहित्याचे प्रयोग, फसलेले प्रयत्न, त्यातून केलेली निवड. कल्पना चांगली आहे. पण ज्याला गुण असतात त्याची गाइडं निघतात, आणि ‘प्रक्रिया’सुद्धा शेवटच्या पंधरवड्यात बसून उतरवता येते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने अभ्यासाच्या टेबलावर ठेवायचा दिवा केला होता. पांढऱ्या कार्डशीटला घड्या घालून केलेली शेड, आणि तिच्यातून टेबलावर पट्ट्यापट्ट्यांनी उतरणारा उजेड. काम सुरेख होतं, वहीत मात्र चारच पानं. मी म्हटलं, “अगं, मधल्या पायऱ्या कुठायत? भर त्या.” आठ दिवसांनी वही आली ती गच्च भरून. त्यातली सहा पानं नुसत्या शिंपल्यांची. शिंपल्याची कड, शिंपल्यावरच्या रेघा, जलरंगातला शिंपला आणि बाजूला वळणदार अक्षरात ‘निसर्गातून स्फूर्ती’. प्रत्येक पानावर तारीख. सगळ्या मिळून पाच महिन्यांच्या.

पेन्सिलीचा दाब बघायला मी पान उजेडात तिरपं धरते, जुनी सवय. एका शिंपल्याच्या पोटात मला पांढऱ्या बारीक रेघा दिसल्या. ४बी या मऊ पेन्सिलीचं शेडिंग तिथे कागदाच्या खाचेत उतरलंच नव्हतं. नीट पाहिलं तर त्या तयार दिव्याच्या मापांच्या रेघा होत्या, आकडेसुद्धा वाचता येत होते. मापांचा सुटा कागद तिने कधीतरी या कोऱ्या पानावर ठेवून आखला होता, त्याचा ठसा खाली उमटला आणि शिंपला त्यावर नंतर बसला. तारखेप्रमाणे शिंपला दिव्याच्या चार महिने आधीचा!

गुण मी पूर्ण दिले. नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, “शिंपला कुठून आणलास?” ती आधी गप्प, मग हसली. “नेटवरून, बाई.” मग शेड सुचली कशी? तर घडीची रेघ मारायची ती पात्याच्या पाठीने, म्हणजे कागद नुसता दबतो. हिच्या हातात कटर उलटा आला आणि कार्ड चिरलं. फेकायला उठली, जाता जाता ते खिडकीसमोर आलं आणि चिरेतून उजेडाची एक सरळ पट्टी हातावर पडली. पुढच्या कार्डावर तिने मुद्दाम सात चिरा पाडल्या. मी विचारलं, ते पहिलं कार्ड कुठाय? म्हणाली, “टाकलं. खराब झालं होतं ना.”

त्या दिवशी मला झोप लागली नाही. मुलीने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. तिने माझ्या गुण द्यायच्या तक्त्यातले रकाने भरले. ‘स्फूर्ती’ला रकाना होता, उलट्या पात्याला नव्हता.

आणि वर्गात याच मुलांना मी पिकासोचं ‘गेर्निका’ हे चित्र दाखवत होते. स्पेनमधलं गेर्निका हे गाव २६ एप्रिल १९३७ रोजी बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं, आणि चित्राची पहिली रेखाटनं १ मेची आहेत. पिकासो स्वतः त्यांवर तारखा टाकत होता. कॅनव्हास कसा बदलत गेला याचे फोटो डोरा मार या छायाचित्रकार बाईने काढून ठेवले. आधीच्या टप्प्यांत खाली पडलेल्या सैनिकाचा मूठ आवळलेला हात वर उठलेला आहे. पुढे तो पुसला गेला. तो हात चित्रात का राहिला नाही, यावर एक अख्खा तास बोलता येतं, आणि ते शक्य होतं कारण चुकलेलं कुणी फाडून टाकलं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाचंही तसंच. हॅरी बेक हा विजेच्या सर्किटांची रेखाटनं करणारा ड्राफ्ट्समन. उभ्या, आडव्या आणि पंचेचाळीस अंशांत तिरक्या रेघांचा त्याचा १९३१चा आराखडा आधी नाकारला गेला, १९३३मध्ये छापला गेला. त्याचं पहिलं कच्चं रेखाटन आज संग्रहालयात आहे. मुलांना मी ते मोठ्या भक्तिभावाने दाखवते आणि त्यांच्या वह्यांतली तसली पानं बघून ‘स्वच्छ काढ’ म्हणते.

जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत शिक्षक असलेल्या योझेफ आल्बर्सने विद्यार्थ्यांपुढे वर्तमानपत्रं टाकली आणि यांचं काहीतरी करा म्हणून सांगितलं, अशी त्याच्या एका विद्यार्थ्याची आठवण आहे. कुणी होडी केली, कुणी किल्ला. आल्बर्सला आवडला तो लांबीत नुसती घडी घालून उभा केलेला कागद. माझ्या त्या मुलीचं चिरलेलं कार्ड त्याला आवडलं असतं असं मला वाटतं. मी ते पाहिलंसुद्धा नाही.

गेली तीन वर्षं पहिल्याच दिवशी वहीच्या पानांवर आकडे घालून घेते. पान फाडायचं नाही. आठवड्याला एकदा, जे असेल त्याखाली माझी सही. वह्या पूर्वीपेक्षा कुरूप झाल्या आहेत हे कबूल. एक वडील पालकसभेत वही हातात घेऊन म्हणाले, “एवढ्या खराब वहीला एवढे गुण?” त्यांच्या मुलाने एकच स्टूल नऊ पानं काढलं होतं. पाय काही केल्या जमिनीला टेकेनात. सहाव्या पानावर वैतागून त्याने पायांचा नाद सोडला आणि पायांमधल्या रिकाम्या जागा काळ्या करत सुटला. स्टूल उभं राहिलं. मी हे त्यांना पानं उलटून दाखवलं. पटलं की नाही कोण जाणे, पण वही त्यांनी जपून बॅगेत ठेवली.

पण एका शिक्षिकेच्या सहीने भागत नाही. माझी मागणी परीक्षा घेणाऱ्यांकडे आणि डिझाइनच्या प्रवेशमुलाखती घेणाऱ्यांकडे आहे. दहा मिनिटं त्या मुलाशी बोला. वही तुम्ही उघडा, त्याला उघडू देऊ नका. जे पान निघेल त्यावर विचारा: इथे काय सोडून दिलंस, आणि का? आता तर हवं ते चित्र, अगदी कच्च्या रेखाटनासारखं दिसणारंही, यंत्राकडून क्षणात मिळतं. माझा तिरपं पान धरायचा उपाय तिथे चालायचा नाही. या प्रश्नाला मात्र ज्याने काम केलं त्यालाच उत्तर देता येतं, मग ते कितीही अडखळत असो.

आणि पालकांना एक विनंती. महागड्या कागदाची वही घेऊन देऊ नका. कागद भारी असला की मुलं चुकायला घाबरतात.

पत्रासोबत नाव-पत्ता दिला आहे, पण छापताना नाव वगळावं. ती मुलगी आता दिव्यांचीच डिझाइनं करते, आणि शिंपल्यांची गोष्ट तिने अजून घरी सांगितलेली नाही.

आपली,
एक कलाशिक्षिका